अक्कलदाढेची दंतकथा : रानातल्या माणसाला दाढ छळत नाही म्हणे!

१/ वाचकहो, इतिहासाच्या नावाखाली समाजमाध्यमांवर एक विधान वारंवार फिरत असते. 'आपल्या पूर्वजांना अक्कलदाढेचा त्रास नव्हता. रानावनातल्या आदिवासींना तो आजही नाही. दाढ कापून काढण्याची शस्त्रक्रिया हे शहरी माणसाचे दुखणे आणि दंतवैद्यांचे दुकान.' मराठीत 'दंतकथा' हा शब्द ज्या अर्थाने रूढ आहे, त्या अर्थाने ही अस्सल दंतकथा होय. तिचा हा पंचनामा. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ ही कथा निरुपद्रवी असती तर तिच्यावर शाई खर्चण्याचे कारण नव्हते. पण तिची किंमत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला माणूस मोजतो. 'तिकडच्या लोकांचे दात पोलादी' असे एकदा ठरले, की तिकडे दंतशल्यविशारद कशाला आणि जबड्याची क्ष-किरण यंत्रे कशाला, हे प्रश्न विचारण्याआधीच निकालात निघतात. स्तुतीच्या आवरणाखाली केलेली ही उपेक्षा आहे.

३/ आधी दुखणे समजून घेऊ. तिसरी दाढ साधारणतः १७ ते २५ या वयात उगवते. तोवर इतर दातांनी जबडा व्यापलेला असतो. जागा अपुरी पडली की ती दाढ आडवी, तिरकी किंवा अर्धवट वर येऊन हाडात अडकते. जगभरच्या पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासांत सुमारे चारांत एका माणसाची निदान एक तरी अक्कलदाढ अशी अडकलेली आढळते, आणि पाचांत एकाला तर एखादी अक्कलदाढ मुळातच नसते.

४/ अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची झालर उरते. तिच्याखाली अन्न साचते, पू होतो, गाल सुजतो, तोंड उघडेनासे होते. क्वचित हा संसर्ग जिभेखालून गळ्यात उतरतो आणि श्वासमार्ग दाबतो. या जीवघेण्या अवस्थेचे वर्णन जर्मन वैद्य फोन लुडविग यांनी १८३६ मध्ये केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रतिजैविके येण्यापूर्वी तिच्यातून वाचणारे थोडे असत. म्हणजे 'दाढच तर दुखते आहे' या वाक्यातला 'च' फार महाग पडू शकतो.

५/ आता पहिला दावा : पूर्वजांना हा त्रास नव्हता. ॲरिस्टॉटल इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहितो, की शेवटच्या दाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात, आणि काही स्त्रियांना त्या ऐंशीच्या पुढे, तीव्र वेदनांसह उगवल्याचे दाखले आहेत. आपल्या 'अक्कलदाढ' शब्दातली 'अक्कल' अरबीतून फारसीमार्गे आली. अरबी, फारसी, लॅटिन आणि मराठी या चारही भाषांनी या एकाच दाढेला शहाणपणाशी जोडले आहे. जे कुणाच्या लक्षातच येत नव्हते, त्याला इतक्या भाषांनी वेगळे नाव दिले असते काय?

६/ घरचा पुरावा याहून बळकट आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात 'अधिमांसक' नावाचा रोग सांगितला आहे. हनुवटीच्या हाडातील शेवटच्या दाताशी मोठी सूज, मोठी वेदना आणि लाळेचा स्राव ही त्याची लक्षणे. आजचा दंतवैद्य हे वर्णन वाचून क्षणभरही अडखळणार नाही. त्याच अध्यायात 'वर्धन' हाही रोग आहे : जादा दात तीव्र वेदनेसह उगवतो आणि तो पूर्ण वर आला की वेदना शमते.

७/ उपचारही दिला आहे. वाढलेले मांस छेदून काढावे, वेखंड, पाठा, सज्जीखार, जवखार आदींचे चूर्ण मधातून लावावे. म्हणजे हिरडीची झालर कापण्याची कृती प्राचीन भारतीय शल्यतंत्राला ठाऊक होती. ज्यांना 'पूर्वजांना हा त्रास नव्हता' असे म्हणायचे आहे, त्यांनी पूर्वजांचा ग्रंथ एकदा उघडावा. ज्या रोगाचे नाव, लक्षण आणि छेदनविधी ग्रंथात आहे, तो रोग त्या काळी नव्हता असे म्हणणे म्हणजे ग्रंथकर्त्यालाच खोटे पाडणे होय.

८/ दुसऱ्या टोकाच्या मंडळींनीही फार हुरळू नये. 'सुश्रुताने सर्व काही आधीच केले होते' हेही खरे नाही. त्याने छेदले ते मांस. हाडात आडवी रुतलेली दाढ काढणे वेगळे. त्यासाठी हाडाच्या आतले दिसावे लागते आणि रुग्णाला तासभर वेदनेविना बसवावे लागते. ही दोन्ही साधने त्या काळी जगात कुणाजवळच नव्हती. पूर्वजांचा गौरव त्यांनी जे केले त्यासाठी करावा. जे केले नाही ते त्यांच्या पदरात घालणे हा गौरव नव्हे.

९/ याच संहितेच्या चिकित्सास्थानात, बाविसाव्या अध्यायात, एक इशारा आहे. वरचा घट्ट दात मुळासकट उपटला तर अतिरक्तस्रावामुळे माणूस एका डोळ्याने आंधळा होऊ शकतो, तोंड वाकडे होऊ शकते. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये. 'वरची दाढ काढली की नजर जाते' ही आजही कानी पडणारी भीती या इशाऱ्याशी किती मिळतीजुळती आहे, ते पाहावे. ग्रंथाने मात्र कारणही दिले आहे : रक्तस्राव. तो आवरण्याची साधने हाती आली तेव्हा इशाऱ्याचा आधार संपला. लोकांनी कारण विसरून निष्कर्ष तेवढा जपला.

१०/ 'शेतीपूर्व माणसाला हा त्रास नव्हता' असे म्हणणाऱ्यांसाठी एक सांगाडा. फ्रान्समधील काप ब्लां येथे १९११ मध्ये सापडलेली हिमयुगातील स्त्री आज शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे. शेतीचा शोध लागण्याच्या हजारो वर्षे आधीची ही शिकारी समाजातली स्त्री. तिच्या जबड्यात अक्कलदाढा अडकलेल्या आहेत. त्या न उगवल्यामुळे आरंभी अभ्यासकांनी तिचे वय प्रत्यक्षाहून कमी धरले होते. शिकारी माणसात हा विकार विरळ असेल. 'नव्हताच' हा शब्द मात्र पुराव्याला पेलत नाही.

११/ आता दुसरा आणि अधिक विषारी दावा : आदिवासींचा जबडाच निराळा. याचे कूळ शोधू. चार्ल्स डार्विन यांच्या १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात असे विधान आहे, की अधिक 'सुधारलेल्या' वंशांत अक्कलदाढ क्षीण होत चालली आहे आणि काळ्या वंशांत ती सहसा तीन मुळांची व निकोप असते. शाफहाउझेन यांच्या आधाराने मऊ, शिजवलेल्या अन्नाचे कारणही तिथे दिले आहे. कारण आहाराचे होते. पण माणसांची विभागणी 'सुधारलेले' आणि 'इतर' अशी झाली, आणि पुढच्यांनी आहार विसरून वंश तेवढा उचलला.

१२/ १८८५ मध्ये विल्यम फ्लॉवर यांनी दातांच्या आकारावरून मानववंशांची लहान, मध्यम आणि मोठ्या दातांचे अशी प्रतवारीच लावली. अंदमानी लोक मोठ्या दातांच्या वर्गात बसवले गेले. आपल्या मध्य प्रांतात तर त्याही आधी, १८६६-६७ च्या जबलपूर प्रदर्शनात आदिवासी माणसे पाहण्या-मोजण्यासाठी 'नमुने' म्हणून आणली गेली होती आणि त्यावर समितीचा अहवालही निघाला. चांदा जिल्हा याच प्रांतातला. माणसाला नमुना मानणाऱ्या नजरेला त्याचे दात दिसतात, दातदुखी दिसत नाही.

१३/ आजचे शास्त्र काय म्हणते? बालपणी जबड्याची वाढ चावण्याच्या ताणावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. नोरीन फोन क्रेमन-टॉबाडेल यांनी २०११ मध्ये जगातील अनेक समूहांच्या कवट्या तपासल्या. जबड्याचा आकार उपजीविकेशी, म्हणजे शिकार-संकलन की शेती याच्याशी निगडित आढळला. वंश या कप्प्याची येथे गरजच उरत नाही. जो मूल असताना मऊ खातो, त्याच्या जबड्यात जागा कमी पडण्याचा संभव वाढतो, मग तो पुण्याचा असो की पेरमिलीचा.

१४/ आणि पेरमिलीत, एटापल्लीत, सिंदेवाहीत लोक काय खातात? हा धानाचा मुलूख. मालगुजारी काळातल्या तलावांवर इथले भात पिकत आले. भात, पेज, आंबील हे रोजचे अन्न, आणि वर रेशनचा तांदूळ. कच्ची कंदमुळे फोडून खाणाऱ्या आदिमानवाचे चित्र मनात ठेवून इथल्या तरुणाच्या जबड्याविषयी बोलणारा माणूस या जिल्ह्यांचा भूगोलच विसरलेला असतो. दातवण कडुनिंबाचे असो की करंजाचे, ते दात घासते. आडवी दाढ उभी करत नाही.

१५/ 'पण तिकडे असे रुग्ण नोंदलेलेच नाहीत ना?' हा शेवटचा बचाव. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकावे. नोंद नसणे आणि घटना नसणे यांतला भेद हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा. राजवाडे गावोगाव हिंडले, माळे धुंडाळले, तेव्हा कागद बाहेर आले. दप्तर उघडणाऱ्यालाच कागद सापडतो, आणि तोंड उघडून पाहणाऱ्यालाच दाढ दिसते.

१६/ याचा धडधडीत दाखला गडचिरोलीनेच जगाला दिला आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी इथल्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया त्यांत शंभरात दहासुद्धा नव्हत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. तोवर या आजारांची 'नोंद' नव्हती. म्हणून आजार नव्हते काय? कुणी विचारले नव्हते, एवढेच.

१७/ दाढेच्या बाबतीत तर मोजणीची रचनाच अशी आहे की ही वयोमर्यादा निसटावी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत मुलांची तपासणी होते आणि तिच्यात दातांचाही समावेश आहे. योजना चांगलीच आहे. पण अक्कलदाढ छळू लागते ती प्रामुख्याने अठरानंतर. ज्या वर्षी तरुण शाळेच्या आणि आश्रमशाळेच्या पटावरून उतरतो, नेमके त्याच सुमारास त्याचे दुखणे सुरू होते. मग ते कुठल्या पटावर चढणार?

१८/ आता तिसरा दावा : शस्त्रक्रिया हे शहरी फॅड. या शस्त्रक्रियेचा इतिहास वेदनेशी झालेल्या लढाईचा इतिहास आहे. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकन दंतवैद्य हॉरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. १८४६ मध्ये मॉर्टन या दंतवैद्यानेच ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १८८४ मध्ये हॉल्स्टेड यांनी कोकेन टोचून खालच्या जबड्याची मज्जातंतूच बधिर केली. आधुनिक भूलशास्त्राच्या जन्मकथेत दातदुखीचा वाटा असा मोठा आहे.

१९/ पुढे १८९५ च्या अखेरीस राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध जाहीर केला आणि जानेवारी १८९६ मध्ये ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांची प्रतिमा घेतली, त्यासाठी २५ मिनिटे किरण झेलले. १९२६ मध्ये जॉर्ज विंटर यांनी अडकलेल्या दाढांचे त्यांच्या कलानुसार वर्गीकरण करणारा ग्रंथ लिहिला. उभी, आडवी, पुढे कललेली, मागे कललेली ही त्यांची विभागणी आजही शिकवतात. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. आज गालात टोचतात ती भूल बहुधा हीच.

२०/ म्हणून आजची कृती अशी : क्ष-किरण प्रतिमेत दाढेचा कल आणि तिच्या मुळाखालून जाणारी मज्जातंतू पाहायची. जागा बधिर करायची, हिरडी उघडायची, भोवतालचे थोडे हाड कोरायचे, दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते एकेक काढायचे, टाके घालायचे. मज्जातंतूला इजा झाली तर ओठ महिनोन् महिने बधिर राहू शकतो. त्यामुळे हे काम प्रतिमेविना, चिमट्याच्या जोरावर करायचे नसते. यातील प्रत्येक पायरीला यंत्र लागते, हात लागतो, शिक्षण लागते.

२१/ हे सारे कुठे मिळते? विदर्भातले शासकीय दंत महाविद्यालय नागपुरात, स्थापना १९६८. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. भामरागडचा माणूस आपल्याच जिल्हा मुख्यालयी जायला निघाला तर त्याला दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते, आणि नागपूर त्याच्याही पुढे तितकेच. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली की भामरागडचा संपर्कच तुटत आला आहे. गळ्यात उतरणारा पू पूर ओसरण्याची वाट पाहत नाही.

२२/ त्यात भर खर्‍याची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा या पट्ट्यात पोरासोरांच्या गालात असतो. सुपारीमुळे तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाते आणि तोंड उघडणे बोटाबोटाने कमी होते. या विकाराचे वर्णन १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांवरून केले, पुढच्याच वर्षी जोशी यांनी भारतातून केले. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या शेवटच्या दाढेपर्यंत शल्यविशारदाचे हत्यार पोचणार कसे? साधी दाढ इथे अवघड होते. २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' अभियानाचे मोल दातांच्या बाजूनेही मोजायला हवे.

२३/ आक्षेप रास्त असेल तर तो मान्य करावा. शहरांत न दुखणाऱ्या अक्कलदाढाही सरसकट काढल्या जातात, हा आरोप निराधार नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितले, की अडकलेली पण रोगविरहित दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. ही शिस्त आपल्याकडेही हवी. पण 'विनाकारण काढू नका' या सूत्राचा अर्थ 'कारण असलेल्याचीही काढू नका' असा होत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याची निरोगी दाढ निघते, आणि ज्याच्याजवळ नाही त्याची पुवाळलेली दाढ वेदनाशामक गोळ्यांवर वर्षे काढते. अतिरेक आणि अभाव ही एकाच व्यवस्थेची दोन तोंडे आहेत.

२४/ आमचे म्हणणे इतकेच. गडचिरोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, चंद्रपुरात ते २०१५ पासून आहे. या दोन्ही ठिकाणी मुखशल्यचिकित्सेचा पूर्ण वेळ चालणारा विभाग असावा. अहेरी, भामरागड, सिरोंचा, राजुरा, गोंडपिपरी येथल्या रुग्णालयांत जबड्याची क्ष-किरण प्रतिमा निघावी आणि ती शहरातल्या तज्ज्ञाला दिसावी. सतरा ते पंचवीस वयाच्या तरुणांच्या दाढांची एकदा तरी पद्धतशीर मोजणी व्हावी, आणि ती गोंडी, माडिया, तेलुगू बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत विचारून व्हावी.

२५/ आणि इतिहासप्रेमी मित्रांना एक विनंती. यापुढे कुणी 'आदिवासींचे दात कसे मजबूत असतात बघा' अशी प्रतिमा पाठवली, तर तिला अंगठा दाखवण्याआधी तीन प्रश्न विचारा : किती जणांची तोंडे तपासली? कुणी तपासली? केव्हा तपासली? उत्तर आले नाही तर समजा, की आपण १८७१ मधले एक वाक्य २१व्या शतकात पुढे ढकलतो आहोत. १८५८ मध्ये चांद्यात फासावर गेलेल्या बाबुराव शेडमाक्यांचे स्मरण आपण अभिमानाने करतो. त्यांच्या मुलुखातल्या आजच्या पोराची सुजलेली हनुवटी पाहणे हेही त्याच अभिमानात मोडते. बहुत काय लिहिणे? लेखनसीमा.